नवऱ्याची फ्रॅटर्निटी, इथाका आणि आमचं निवृत्तीनंतरचं घर

मंजिरी_एडिसन

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा मोठा आहे, सवडीने वाचा.

माझा नवरा अमेरिकन, कॉर्नेलचा 1982 चा पदवीधर. कॉलेजची बरीचशी वर्षं तो फ्रॅटर्निटीच्या घरात राहिला. तिथले चार मित्र आजतागायत टिकलेत, आणि नुसते फोनवरचे नाहीत. सासरे शेवटच्या आजारात होते तेव्हा या चौघांनी आळीपाळीने हॉस्पिटलात रात्री काढल्या. सख्ख्या भावांनीही याहून जास्त काय केलं असतं? त्यामुळे या मैत्रीबद्दल मला आदरच आहे.

आता त्यांच्यातल्या दोघांनी इथाकात, म्हणजे कॉर्नेलच्या गावात, घरं घेतलीत, तिसरा शोधतोय. नवरा पुढच्या वर्षी निवृत्त होतोय आणि त्यालाही तिथेच जायचंय. त्याच्या डोळ्यांसमोर कयुगा तलाव, टेकडीवरचा घड्याळाचा मनोरा, दर जूनमधलं रीयुनियन. माझं तिथे काय? माझं कॉलेज माटुंग्याचं रुपारेल. नोकरी, मैत्रिणी, मंडळाची नाटकं, गणपती सगळं न्यू जर्सीत. ज्वारीचं पीठ संपलं तर ओक ट्री रोड दहा मिनिटांवर.

तुमच्यापैकी कोणी आपल्या किंवा जोडीदाराच्या जुन्या विद्यापीठाच्या गावी राहायला गेलंय का? सुरुवातीचा आनंद टिकतो का? आणि दोघांपैकी ज्याचं ते गाव नाही, त्याने तिथे काय करायचं?

अटलांटाकर

ताई, इथाका? जानेवारीत? लोक निवृत्त झाले की फ्लोरिडाची वाट धरतात आणि तुम्ही उत्तरेकडे निघालात! बर्फ उपसायला ते चार मित्र येणार असतील तरच जा. :)

खडकवासला

फ्रॅटर्निटी हे मी फक्त सिनेमात पाहिलंय. लाल प्लास्टिकचे ग्लास आणि आरडाओरडा. खरंच काय असतं? आपल्या हॉस्टेलसारखं?

नितीन_ऑस्टिन

@खडकवासला, हॉस्टेल विद्यापीठ देतं, इथे पोरंच पोरांना निवडतात. सत्राच्या सुरुवातीला 'रश', म्हणजे घराघरांत जाऊन ओळखी. मग ज्या घराला तुम्ही आवडलात ते 'बिड', म्हणजे सदस्य व्हायचं निमंत्रण, देतं. त्यानंतर उमेदवारीचा काळ, त्यात एक सीनियर तुमचा 'बिग', म्हणजे सांभाळणारा मोठा भाऊ, होतो, आणि शेवटी गुप्त समारंभ करून सदस्यत्व. घर बहुतेक वेळा माजी सदस्यांच्या मंडळाच्या मालकीचं किंवा त्यांच्या देखरेखीखालचं असतं. छप्पर गळलं की वर्गणी साठीतले लोक काढतात. माजी विद्यार्थी इतकी वर्षं का चिकटून राहतात याचं निम्मं उत्तर या वर्गणीत आहे. जिथे पैसा घातलाय, तिथे माणूस डोकावणारच.

प्रकार जुना आहे. न्यूयॉर्क राज्यात स्केनेक्टडीला युनियन कॉलेज आहे, तिथे 1825 मध्ये कप्पा अल्फा सोसायटी निघाली आणि पुढे हे लोण देशभर पसरलं. कॉर्नेलचं यात स्वतःचं मानाचं पान आहे. गोऱ्यांच्या घरांमध्ये प्रवेश नाही म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी 1906 मध्ये तिथेच अल्फा फाय अल्फा काढली. ती आज देशभर आहे.

आपल्या मुलांच्याही आहेत. डेल्टा एप्सिलॉन साय ही दक्षिण आशियाई मुलांची फ्रॅटर्निटी 1998 ला आमच्या ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सासमध्येच सुरू झाली. माझा मुलगा अशाच एका फ्रॅटर्निटीत होता. आम्ही दोघंही आधी घाबरलो होतो. पण घरी कधी 'चहा घेणार का' एवढंही न विचारणारा मुलगा तिथे जाऊन दीडशे लोकांच्या दिवाळीचा हिशेब सांभाळायला शिकला.

कोथरूडचा_केदार

रतन टाटासुद्धा कॉर्नेलमध्ये फ्रॅटर्निटीत होते, अल्फा सिग्मा फाय. तिथे आर्किटेक्चर शिकले. मंजिरीताई, यजमानांना चांगली संगत आहे म्हणायची.

डॉ_विशाखा

माफ करा, पण मला या ग्रीक अक्षरांचं कौतुक ऐकवत नाही. मी इमर्जन्सीत काम करते, विद्यापीठाच्या गावात. शुक्रवारी रात्री दोन वाजता अठरा-एकोणीस वर्षांचं पोर आणतात, मनगटावर पार्टीचा शिक्का, अंगावर दुसऱ्याचं जॅकेट, आणि आणणारे 'ब्रदर' दारात सोडून पळालेले. त्याने काय प्यायलं, किती प्यायलं, कधी पडला, हे सांगायला कोणी नाही. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं असतं.

2017 मध्ये पेन स्टेट विद्यापीठात उमेदवारीतला असाच एक मुलगा खूप दारू पाजल्यावर जिन्यावरून पडला आणि कित्येक तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. तो गेला. पुढच्या वर्षी पेनसिल्व्हेनियाने त्याच्या नावाने कायदा कडक केला. कॉर्नेलमध्ये 2011 ला एक विद्यार्थी गेला, तेव्हाचे अध्यक्ष डेव्हिड स्कॉर्टन यांनी त्याच वर्षी उमेदवारीची ही पद्धत बंद करायचं जाहीर केलं. तरी 2019 ला पहिल्या वर्षाचा आणखी एक मुलगा फ्रॅटर्निटीच्या पार्टीनंतर गेला. डिसेंबर 2024 मध्ये केंद्राचा कायदा आला, आता विद्यापीठांना 'हेझिंग'च्या, म्हणजे नव्यांच्या अशा छळाच्या, घटना जाहीर कराव्या लागतात. आपल्याकडे महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 लाच झाला होता.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की साठीतल्या माजी सदस्यांनी तिथे राहायला जायचंच असेल तर त्या घरात डोकावून विचारा, आज रात्री दारू कोण ओततंय आणि शुद्धीत कोण राहतंय. ज्या मंडळाच्या हातात घराच्या चाव्या आहेत त्याच्यावर ही जबाबदारी येतेच.

नितीन_ऑस्टिन

डॉक्टर, तुमच्याशी सहमत. मुलाच्या बाबतीत आम्ही पहिला प्रश्न हाच विचारला होता. पण सगळ्या घरांना एका मापाने मोजू नका, हेही सांगेन.

डॉ_विशाखा

मोजत नाही. पण त्या रात्री माझ्यासमोर घर नसतं, पोर असतं.

मंजिरी_एडिसन

विशाखा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला इंग्रजीत सांगितला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, आमच्या वेळीही हे चालायचं, आम्ही नशिबाने वाचलो. तो आणि त्याचा एक मित्र आता घराच्या माजी सदस्य मंडळात जाणार आहेत, आणि 'पार्टीला पाच जण शुद्धीत हवेत' हा नियम कागदावर न राहता पाळला जातो का, हे स्वतः बघणार आहेत. हे तुमच्यामुळे झालं.

गेल्या रीयुनियनला मी त्या घरात गेले होते. जिन्याच्या भिंतीवर दर वर्षीच्या मुलांची चौकट, प्रत्येकाचा लंबगोल फोटो, खाली नाव. नवरा आणि मित्र एकेका चेहऱ्यावर बोट ठेवून सांगत होते, हा गेला, हा पोर्टलंडला, याचा घटस्फोट, हा न्यायाधीश झाला. तेवढ्यात आत्ताचा एक मुलगा पायात मोजे, हातात सीरियलचा वाडगा घेऊन वर आला आणि "एक्सक्यूज मी सर" म्हणून बाजूने निघून गेला. ते घर आता त्याचं आहे, हे मला तिथेच कळलं. नवऱ्याला कळलं की नाही, माहीत नाही.

अनिकेत_इंडियाना

एक मुद्दा राहतोय. आपल्या पिढीतले एमएसवाले फ्रॅटर्निटीत नव्हतेच. आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये, एक कुकर, डाळ-भात, रात्री दोनपर्यंत लॅब. फुटबॉलच्या शनिवारी आम्ही फक्त एवढंच बघायचो की रस्ता कुठे बंद आहे. तरीही मला माझ्या विद्यापीठाच्या गावाची ओढ आहे! कारण आयुष्यात पहिल्यांदा मी तिथे स्वतःच्या पायावर उभा राहिलो. ओढ फ्रॅटर्निटीची नसते, त्या वयाची असते.

भौतिकवाला

इथाका म्हटलं की मला हान्स बेथे आठवतात. 1967 चं नोबेल, तारे कशावर तळपतात ते सांगणारा माणूस. म्हातारपणी ते इथाकातच केंडाल नावाच्या निवृत्तांच्या वसाहतीत राहत. 1999 साली, नव्वदी उलटून गेल्यावर, त्यांनी तिथल्या आपल्या शेजाऱ्यांसाठी क्वांटम भौतिकीवर तीन व्याख्यानं दिली. कॉर्नेलने त्यांची चित्रफीत सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे. श्रोते सगळे पांढऱ्या केसांचे. मंजिरीताई, ज्या गावात संध्याकाळी शेजारच्या ब्लॉकमधले आजोबा येऊन हे शिकवतात, तिथे मी तरी डोळे झाकून गेलो असतो.

अटलांटाकर

@भौतिकवाला, आमच्या सोसायटीतले आजोबा पार्किंगवर व्याख्यान देतात, तेही रोज. बेथे कुठे मिळायचे!

सुलभाताई_गेन्सव्हिल

मी अशाच विद्यापीठाशी जोडलेल्या वसाहतीत राहते, फ्लोरिडात, म्हणून कामाचं सांगते. बाकीच्यांनीही वाचा, कारण या जागांचा करार लोक नीट समजून घेत नाहीत.

आत जाताना मोठी प्रवेश रक्कम भरायची, मग दरमहा शुल्क. सुरुवातीला स्वतःच्या घरात स्वतंत्र. पुढे मदत लागली तर त्याच आवारात मदतीचं राहणं, त्याही पुढे नर्सिंग. 'लाइफ केअर' प्रकारच्या करारात पुढच्या पायऱ्यांवर मासिक शुल्क फारसं वाढत नाही, पण प्रवेश रक्कम जास्त असते. दुसऱ्या प्रकारात सुरुवात स्वस्त, नंतर बाजारभावाने भरा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे प्रवेशाच्या वेळी तब्येत तपासतात. "गरज पडली की जाऊ" म्हणणारे नेमके गरज पडल्यावर नाकारले जातात. प्रतीक्षायादी मोठी असते, नाव आधी घालून ठेवायचं. आणि रक्कम परत कधी, किती मिळते, ते वकिलाकडून वाचून घ्या. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने हे केलं नाही, त्यांच्या मुलांना फार त्रास झाला.

राहिला प्रश्न गावाचा. मी या विद्यापीठात शिकले नाही, हेही नाही. आम्ही इथे आलो ते त्याच्या जोडीच्या मोठ्या हॉस्पिटलासाठी. पण आता मी दर सत्रात एक वर्ग करते. गेल्या सत्रात पक्षिशास्त्र केलं. विसाव्या वर्षीचं पोर माझ्या शेजारी बसून मला दुर्बीण धरायला शिकवत होतं.

नंदिनी_बोस्टन

सुलभाताई, आमच्या इथे न्यूटनला लॅसेल व्हिलेज आहे, 2000 पासून. तिथे राहायचं तर वर्षाला 450 तास शिकण्याची अटच आहे. वर्ग, व्याख्यानं, व्यायाम सगळं त्यात धरतात. माझी आई ऐकून म्हणाली, "म्हणजे रिटायर होऊन परत हजेरी!"

उलट बाजूही सांगते. ॲरिझोना स्टेटच्या आवारात टेम्पीला मिराबेला नावाची वीस मजली इमारत उभी राहिली. रहिवाशांना विद्यापीठाचं ओळखपत्र, वर्गात बसायची मुभा, संगीताचे विद्यार्थी तिथे राहून त्यांच्यासाठी वाजवतात. सगळं छान. पण समोरच विद्यार्थ्यांचा आवडता क्लब. रात्रभर संगीताचा दणदणाट. रहिवासी कोर्टात गेले, 2022 मध्ये आवाजावर निर्बंध आले आणि विद्यार्थी भयंकर चिडले. तेव्हा मंजिरीताई, घर बघायला जाल तेव्हा मंगळवारी दुपारी जाऊ नका. शनिवारी रात्री अकराला जा.

सांगलीकर_बाबा

आमच्या वालचंद कॉलेजच्या बॅचचे बरेच जण निवृत्तीनंतर परत विश्रामबागेत स्थायिक झाले. सकाळी फिरायला एकत्र, मग कट्ट्यावर चहा. पहिली दोन वर्षं कॉलेजचे किस्से. त्यानंतर कॉलेजचा विषय निघत नाही, गुडघे आणि नातवंडं. मी म्हणतो तेच खरं टिकणारं. जुनी ओळख फक्त दार उघडून देते.

कोथरूडचा_केदार

बाबा, आम्ही पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, सीओईपीवाले, याला अपवाद. मुळेकाठच्या रेगाटाचा, म्हणजे होड्यांच्या सोहळ्याचा, विषय अजून दर रविवारी निघतो, आणि नाव कोणी बुडवली यावरून अजून भांडण होतं.

शैलजा_मॅडिसन

बरेच दिवस वाचत होते, लिहावं की नाही ठरत नव्हतं. मंजिरी, तुझा तिसरा प्रश्न माझाच होता, म्हणून लिहिते. एकेरी बोलते, रागावू नकोस, मी वयाने मोठी आहे.

आमचे हे विस्कॉन्सिन विद्यापीठाचे. मी नाशिकची. निवृत्तीनंतर मॅडिसनला यायचं हा त्यांचा हट्ट. त्यांच्या जुन्या घोळक्यातले तिघं इथे होते. पहिल्या उन्हाळ्यात रोज संध्याकाळी विद्यापीठाच्या युनियनच्या टेरेसवर, त्या उगवत्या सूर्याच्या पाठीच्या हिरव्या-पिवळ्या-केशरी खुर्च्यांवर, समोर मेंडोटा तलाव. मी बाजूला बसून त्यांचे तेच तेच विनोद ऐकायची. मनात यायचं, मी पाहुणी आहे.

मग हे गेले, अचानक. मुलगा म्हणाला, आई, डॅलसला चल. सगळ्यांना वाटलं मी जाणारच. इथे माझं काय होतं?

पण तोवर मी आठवड्यातून तीनदा विद्यापीठात जात होते. विस्कॉन्सिनमध्ये साठीच्या पुढच्या रहिवाशांना प्राध्यापकांच्या परवानगीने वर्गात फुकट बसता येतं. परीक्षा नाही, श्रेणी नाही. मी कलेचा इतिहास घेतला होता. बस घरासमोर थांबते, गाडी चालवावी लागत नाही, आणि या वयात त्याचं मोल फार आहे. वर्गातली दोन माणसं यांच्या अंत्यविधीला आली, ज्यांनी यांना कधी पाहिलंही नव्हतं. ती माझी माणसं होती.

यांच्या मित्रांपैकी एक नंतर मुलीकडे गेला, एक आजारी आहे. तिसरा आणि त्याची बायको दर गुरुवारी येतात. म्हणून तुला कळकळीने सांगते. नवऱ्याच्या मित्रांच्या भरवशावर जाऊ नकोस. त्या चौघांतला पहिला जाईल तेव्हा सगळा घोळका हलतो. जायचं तर तुझं स्वतःचं काहीतरी तिथे आहे का ते आधी शोध. नसेल तर नवऱ्याला स्पष्ट नाही म्हण. तो समजून घेईल, इतक्या चांगल्या मित्रांचा माणूस आहे.

मंजिरी_एडिसन

शैलजाताई, रागवायचं काय त्यात. हा प्रतिसाद मी दोनदा वाचला आणि मग नवऱ्याला बसवून भाषांतर करून सांगितला. तुमच्या मोठेपणाला नमस्कार.

अनिकेत_इंडियाना

शैलजाताई, _/\_

हिशेबनीस

भावनांचं झालं, आता पैशांचं. न्यू जर्सीतून न्यूयॉर्क राज्यात गेल्याने करांत मोठा फरक पडेल असं समजू नका. सोशल सिक्युरिटीवर, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतनावर, दोन्ही राज्यं कर लावत नाहीत. न्यूयॉर्क साडेएकोणसाठनंतर खासगी पेन्शन आणि आयआरएमधल्या (निवृत्तीसाठीच्या बचत खात्यातल्या) माणशी 20,000 डॉलरपर्यंतच्या रकमेवर सूट देतं. मालमत्ता कर दोन्हीकडे दणकट.

मेडिकेअरचा, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मुद्दा मात्र नीट बघा. मूळ मेडिकेअर देशभर चालतं. त्याऐवजी खासगी कंपनीची ॲडव्हान्टेज योजना घेतलीत तर तिचं डॉक्टरांचं जाळं बहुतेक स्थानिक असतं, गाव बदललं की योजना बदलावी लागते. मूळ मेडिकेअरला जोडून मेडिगॅप, म्हणजे उरलेला खर्च भरणारा खासगी विमा, घेणार असाल तर बहुतेक राज्यांत पहिल्या सहा महिन्यांनंतर कंपनी तब्येत विचारू शकते. न्यूयॉर्कमध्ये वर्षभर कधीही, तब्येत न विचारता घेता येतं. नंतर कधी गेलात तरी या बाबतीत तिथे दार बंद होणार नाही.

आणखी एक. इथाका छोटं गाव. तिथे हॉस्पिटल आहे, पण मोठ्या गुंतागुंतीच्या उपचारांना लोक सिराक्यूजला जातात, तासाभरावर. बर्फात तो तास लांबतो.

खडकवासला

धागा वाचून फ्रॅटर्निटीबद्दल जेवढं कळलं तेवढं कशातूनच कळलं नव्हतं. मंजिरीताई, काय ठरलं ते सांगा हो, इथे सगळे अडकलेत.

मंजिरी_एडिसन

सांगते. काल रात्री दोघं बसलो.

एडिसनचं घर विकायचं नाही. पुढच्या वर्षी जानेवारी ते मे इथाकात भाड्याने राहायचं. मुद्दाम हिवाळा निवडला, कारण उन्हाळ्यात कोणालाही ते गाव आवडेल. त्या काळात नवरा त्याच्या मित्रांकडे आणि घराच्या मंडळाकडे बघेल. मी एका वर्गासाठी परवानगी काढणार आहे. माझ्या मनात वनस्पतीशास्त्र आहे, रुपारेलला अर्धवट सुटलेलं. केंडालच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं की नाही, ते मे महिन्यात ठरवू, पण कागदपत्रं आत्ताच मागवली आहेत, सुलभाताईंचं ऐकून. सिराक्यूजला एक फेरी बर्फातच करून बघू, डॉक्टरांची वेळ घेऊन.

आणि मी एक अट घातली. गणपतीचे दहा दिवस एडिसन. त्याने वाद घातला नाही.

नंदिनी_बोस्टन

जानेवारीत भाड्याचं घर मिळतंय का? विद्यार्थ्यांचे करार तर ऑगस्टपासून असतात ना?

मंजिरी_एडिसन

हो, पण वसंत सत्रात बरीच मुलं परदेशात शिकायला जातात आणि जागा सबलेट करतात. नवऱ्याच्या मित्राने दोन पत्ते पाठवलेत. एक टेकडीच्या पायथ्याशी, बसथांब्याजवळ, तळमजला. दुसरा कॉलेजटाउनमध्ये, चौथा मजला, लिफ्ट नाही. पहिला बघायला जाणार आहोत, शनिवारी रात्री अकराला.